बाबासाहेबांच्या शिष्यवृत्तीचा जमाखर्च

श्रीरामपूर तालुक्यातला एक मुलगा गेल्या वर्षी आमच्याकडे आला होता. नाव सांगत नाही. वडील पेंटर. पंचक्रोशीतल्या भीमजयंतीच्या कमानी, चौकातले निळे फलक, समाजमंदिरांच्या भिंतींवरचे बुद्ध आणि बाबासाहेब हे सारे त्यांच्याच हातचे. पोराचा हात बापापेक्षा सरस. पण त्याने रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केले आणि आता त्याला जुनी चित्रे, मूर्ती, कागदपत्रे टिकवण्याचे शास्त्र शिकायचे होते. जतनशास्त्र म्हणा. या शिक्षणाला शिष्यवृत्ती कुठून मिळेल, एवढेच त्याने विचारले.

आम्ही पाच-सहा जण बसलो होतो, सगळे चळवळीतले. कोणी म्हणाले, स्पर्धा परीक्षा दे. कोणी म्हणाले, बी.एड. कर, निदान संस्थेत चिकटशील. एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने तर बाबासाहेबांचाच दाखला दिला. कलाशाखेचा आपल्या समाजाला उपयोग नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञान शिका, असे खुद्द बाबासाहेबांनी सरकारला लिहून दिले आहे, असे त्यांचे म्हणणे. मुलगा काही न बोलता उठून गेला. आम्हीही त्या बैठकीत मान डोलावली होती, हे कबूल केले पाहिजे.

दाखला खोटा नव्हता, पण अर्धा होता. म्हणून आम्ही बाबासाहेबांचे चरित्र पुन्हा वाचायला घेतले, या वेळी फक्त पैशाच्या बाजूने. कोणी दिले, किती दिले, कोणत्या अटीवर दिले आणि त्या पैशातून बाबासाहेब नेमके काय शिकले? जयंतीच्या भाषणांत हा हिशेब कोणी मांडत नाही. तेथे बाबासाहेब एकदम पदव्यांच्या यादीसह प्रकट होतात, जणू पदव्या आभाळातून पडल्या.

पहिला पैसा बापाचा. सुभेदार रामजी लष्करातून निवृत्त झालेले, पेन्शन महिना पन्नास रुपये. मुंबईत परळच्या चाळीतली एक खोली. मुलाला पुस्तक हवे असले आणि हातात पैसे नसले की रामजीबाबा लग्न झालेल्या लेकींकडे जात, त्यांचा दागिना मागून आणत आणि गहाण टाकत. पेन्शन आले की सोडवून परत देत. आंबेडकरी चळवळीतली पहिली शिष्यवृत्ती ही अशी लेकींच्या अंगावरच्या दागिन्यांतून आली. आपल्या इतिहासात या बहिणींची नोंद एका ओळीच्या वर जात नाही, याची आम्हाला खंत वाटते.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. त्या निमित्ताने झालेल्या सत्काराला कृष्णाजी अर्जुन केळुसकर आले होते. केळुसकर गुरुजी शिक्षक आणि लेखक. या मुलाला त्यांनी आधीपासून बागेत वाचत बसलेला पाहिले होते. त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले, हे सर्वांना माहीत आहे. पण त्यांनी केलेले दुसरे काम पैशाच्या दृष्टीने अधिक मोलाचे. भीमराव इंटर झाले आणि रामजींची ओढाताण संपली, पुढे ढकलण्याची ताकद उरली नाही, तेव्हा केळुसकर त्यांना घेऊन सयाजीराव गायकवाडांकडे गेले. महाराजांनी प्रश्न विचारले, उत्तरांनी समाधान झाले आणि महिना पंचवीस रुपये सुरू झाले. एल्फिन्स्टन कॉलेजातून इंग्रजी आणि फारशी घेऊन बाबासाहेब बी.ए. झाले ते या पंचवीस रुपयांवर. संस्कृत का नव्हते, तर शाळेत अस्पृश्याला संस्कृत शिकवायला शिक्षक तयार नव्हता. म्हणजे ज्याला आपण आर्ट्स म्हणून नाक मुरडतो त्या शाखेचे दारही पूर्ण उघडे नव्हते.

केळुसकरांसारखा माणूस प्रत्येक तालुक्यात एक हवा होता. स्वतःकडे पैसा नाही, पण पैसा कोणाकडे आहे, तो कोणत्या कामासाठी बाजूला काढलेला आहे आणि कोणत्या दिवशी दार ठोठवायचे हे ज्याला कळते, असा. त्या मुलाला त्या दिवशी आम्ही केळुसकर म्हणून भेटलो नाही.

१९१३ च्या जानेवारीत बाबासाहेब बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले आणि २ फेब्रुवारीला रामजी गेले. त्याच सुमारास बडोदे सरकार काही विद्यार्थी अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात पाठवणार होते. ४ जून १९१३ रोजी करारावर सही झाली. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षे, आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी. जुलैमध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले.

बडोद्याची ही तिजोरी कशी होती, ते येथे सांगायला हवे. सयाजीराव मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे, शेतकऱ्याचे पोर. १८७५ साली दत्तक गेले तेव्हा वय बारा आणि अक्षरओळख नव्हती. या माणसाने गादीवर बसल्यावर अस्पृश्यांसाठी शाळा काढल्या, सक्तीचे मोफत शिक्षण आधी अमरेलीत आणि १९०६ साली सगळ्या संस्थानात आणले. आणि त्याच तिजोरीतून १८९० साली कलाभवन उभे राहिले, जेथे पुढे सिनेमा काढणारे दादासाहेब फाळके शिकले. गाण्याची शाळा निघाली, १८९४ साली संग्रहालय निघाले, जुनी हस्तलिखिते छापणारी ग्रंथमाला १९१६ पासून सुरू झाली. चित्रकाराला पैसे देणारा हात आणि अस्पृश्य विद्यार्थ्याला पैसे देणारा हात एकच होता. आज बडोद्याच्या विद्यापीठात चित्रकला, मूर्तिकला आणि संग्रहालयशास्त्राचे विभाग आहेत, देशभरातून मुले तेथे येतात. आपली किती जातात?

बाबासाहेब कोलंबियात काय शिकले, याची यादी आमच्या कार्यकर्त्यांनी भिंतीवर लावावी. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३. १९१५ साली प्राचीन भारतातल्या व्यापारावर प्रबंध देऊन एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी मानववंशशास्त्राच्या परिसंवादात जातींच्या उगमावरचा निबंध वाचला. त्यापुढचा प्रबंध भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नावर. वय पंचवीस. एकही विषय भारताबाहेरचा नाही. समुद्रापार जाऊन हा माणूस भारताचाच इतिहास आणि भारताचाच समाज अभ्यासत होता, कारण आपल्याकडे तो अभ्यास ज्यांच्या ताब्यात होता त्यांनी त्यात आपल्याला जागा ठेवली नव्हती. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे, पुढे त्याचे काम आहे.

साडेअकरा पौंडांत खायचे, राहायचे आणि घरी रमाईंनाही पाठवायचे. एका वेळच्या जेवणावर भागवून जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार पुस्तके जमवली. पुढे लंडनला गेले, एका वर्षाची मुदत मिळाली, ती संपली आणि बडोद्याने परत बोलावले. १९१७ साली परत येताना सामान ज्या जहाजावर होते ते पाणतीराने बुडाले. नुकसानभरपाईचे सहाशे रुपये हातात आले, ग्रंथसंपदा गेली. बडोद्यात शिपायांनी फायली लांबून फेकल्या, पारशी खानावळीतून काठ्या घेऊन हुसकले. ही हकीकत आपल्या लहान पोरांनाही तोंडपाठ आहे, पुन्हा सांगत नाही. जमाखर्चाच्या बाजूने एवढेच, की करारातली दहा वर्षांची नोकरी संस्थानाने काढू दिली नाही आणि दिलेल्या पैशाची येणी मात्र मागे लागली. राजाचे मन मोठे होते. राज्य तेच जुने होते. दानावर चाललेल्या शिक्षणाचा हा धोका बाबासाहेबांनी अंगावर भोगला.

पुढचे पैसे स्वतःचे. १९१८ च्या नोव्हेंबरात सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली, पगार साडेचारशे. त्यातून काटकसरीने शिल्लक टाकली. त्यात शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राचे पाच हजारांचे कर्ज मिळवून १९२० च्या जुलैमध्ये पुन्हा लंडन गाठले. सकाळी ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयाचे दार उघडण्याआधी हजर, बंद होताना शेवटचे बाहेर. इतरांनी जपून ठेवलेल्या भारताच्या कागदांवर बसून त्यांनी भारताच्या रुपयाचा प्रबंध लिहिला आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. त्या कागदांना वाळवी लागली असती, ते रद्दीत गेले असते, तर हा अभ्यास कशावर उभा राहिला असता? कागद जपणारा माणूस कोणाच्या नजरेत येत नाही.

१९२५ साली कोलंबियाचा प्रबंध ग्रंथरूपाने निघाला तेव्हा तो बाबासाहेबांनी सयाजीरावांना अर्पण केला, शिक्षणाला केलेल्या मदतीबद्दल कृतज्ञता म्हणून. येणी मागितली गेली म्हणून उपकार विसरले नाहीत.

घेणाऱ्याचे चरित्र येथे संपते आणि देणाऱ्याचे सुरू होते. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि १९२५ च्या जानेवारीत आपल्या नगरला लागून असलेल्या सोलापुरात वसतिगृह उघडले. मग जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले.

त्या वेळी आपल्या नगरात काय चालले होते? ऑगस्ट १९४२ मध्ये पंडित नेहरू आणि काँग्रेसचे पुढारी नगरच्या किल्ल्यात आणून ठेवले होते. १९४४ साली नेहरूंनी तेथे भारताच्या भूतकाळाचा शोध घेणारे पुस्तक लिहिले आणि ते जगभर गेले. किल्ल्यातली ती खोली आजही पाहायला मिळते, सरकारने ती जपली आहे आणि जपायलाच हवी. पण त्याच वर्षांत दिल्लीत दुसरा एक माणूस आपल्या लोकांच्या भविष्यासाठी कागद लिहीत होता. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी बाबासाहेबांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. बनारस आणि अलीगढच्या विद्यापीठांना सरकार लाखांनी पैसे देते, मग अस्पृश्यांच्या शिक्षणाला का नाही, हा त्यांचा मुद्दा. तीन लाख रुपये मागितले: दोन लाख येथल्या शिक्षणाला, एक लाख परदेशी पाठवायला. मागणी मान्य झाली. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली ती यातून. आज आपला मुलगा महाडीबीटीवर अर्ज भरतो त्याचे मूळ त्या कागदात आहे. राजाच्या मर्जीने मिळालेले साडेअकरा पौंड बाबासाहेबांनी तीस वर्षांत अंदाजपत्रकातल्या तरतुदीत बदलले.

आणि याच निवेदनात ते वाक्य आहे, जे आमच्या ज्येष्ठांनी त्या मुलाला ऐकवले. कला आणि कायद्याच्या शिक्षणाचा अनुसूचित जातींना फारसा उपयोग नाही, विज्ञान-तंत्रज्ञानाचे वरचे शिक्षण हवे, असा त्याचा आशय. आम्ही तो भाग दोनदा वाचला. बाबासाहेबांचे कारण सरळ आहे. विज्ञानाचे शिक्षण महाग, प्रयोगशाळा महाग, ते आपल्या लोकांच्या ऐपतीबाहेरचे, म्हणून तेथे सरकारने पैसा घालावा. जे स्वतःच्या बळावर होणे शक्य नाही त्यासाठी शिष्यवृत्ती मागायची, हा तो हिशेब होता. इतिहास, समाजशास्त्र, कला यांपासून समाजाला तोडण्याचा तो आदेश नव्हता. तसा असता तर १९४६ साली काढलेल्या सिद्धार्थ कॉलेजात कलाशाखा कशाला ठेवली असती? १९४८ साली अस्पृश्यतेच्या उगमावरचा ग्रंथ कशाला लिहिला असता? उतारवयात व्हायोलिन आणि रंगाचा ब्रश हातात कशाला घेतला असता? औरंगाबादच्या मिलिंदमधून आणि त्याच्या आसपास मराठी दलित साहित्य कसे उभे राहिले, ते वाचकांना सांगायला नको. आपल्याच अकोले तालुक्यातल्या धामणगावच्या दया पवारांनी १९७८ साली ‘बलुतं’ लिहिले. लेखणी लागली, शाई लागली, पण सूक्ष्मदर्शक लागला नाही.

जतनशास्त्राला सूक्ष्मदर्शक लागतो. त्या मुलाला जे शिकायचे आहे ते कलाशाखा की विज्ञान? ब्राँझच्या मूर्तीवर हिरवी भुकटी दिसू लागली की आतला क्षार धातू खात असतो. तो ओळखणे, थांबवणे, हवेतला ओलावा मोजणे, हे सगळे रसायन. आणि कोणते ब्राँझ? त्याच्याच तालुक्यात प्रवरेकाठी दायमाबाद आहे. १९७४ साली तेथे एका भिल्ल माणसाला मूळ खणताना रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी चार ब्राँझची शिल्पे सापडली, एकूण वजन साठ किलोच्या वर. ती जिल्ह्याबाहेर गेली. संगमनेरच्या जोर्वे गावाचे नाव एका अख्ख्या ताम्रपाषाण संस्कृतीला मिळाले आहे. एवढा ठेवा ज्या जिल्ह्याच्या मातीत आहे तेथल्या कष्टकऱ्याने तो फक्त खणून काढायचा आणि अभ्यास दुसऱ्याने करायचा, ही बलुतेदारीच झाली.

दायमाबाद राहू द्या, आपले स्वतःचे काय? ‘मूकनायक’, ‘बहिष्कृत भारत’ ज्या कागदावर छापले तो वर्तमानपत्राचा कागद. लाकडाच्या लगद्यातले आम्ल त्याला आतून पिवळा आणि ठिसूळ करते. जलसाकारांच्या वह्या, धर्मांतराच्या वेळचे फोटो, गावोगावच्या समतादलाचे ताम्रपट आपल्या घरांत पत्र्याच्या पेट्यांत पडले आहेत. नागपूरजवळ चिंचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचे कपडे आणि टंकलेखनयंत्र जपून ठेवले गेले, ते कापड किती वर्षे टिकेल हे सांगणारा आपला तज्ज्ञ कोण?

आता मघाचे वाक्य. परदेशी शिक्षणासाठी केंद्राची राष्ट्रीय शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे. जागा १२५, त्यातल्या ११५ अनुसूचित जातींना, ६ विमुक्त-भटक्यांना आणि ४ भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागिरांना. फेब्रुवारी २०२२ मध्ये या योजनेच्या नियमांत एक कलम घातले गेले. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावर आधारित सामाजिक अभ्यास हे विषय या शिष्यवृत्तीतून वगळले. पारंपरिक कारागिराच्या मुलाला जागा ठेवायची आणि त्याने आपल्या कारागिरीचा वारसा अभ्यासायचा नाही, हा न्याय कोणता? आणि १९१३ सालच्या करारात हे कलम असते तर प्राचीन भारताचा व्यापार, जातींचा उगम, भारताचे राष्ट्रीय उत्पन्न, यांतला एक तरी प्रबंध लिहिला गेला असता का? सयाजीरावांच्या दिवाणखान्यात असली अट कोणाला सुचली नव्हती. शिवाय २०२५ च्या जुलैमध्ये निवडलेल्या १०६ जणांपैकी ४० जणांनाच आधी पत्रे मिळाली, बाकीच्यांना निधी आल्यास असे सांगितले गेले. अंदाजपत्रकातला हक्क पुन्हा मर्जीकडे सरकू लागला की त्याची सुरुवात अशीच होते.

दिवाळीनंतर आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. बाप भिंतीला टेकून ब्रश धूत बसला होता. आम्ही चुकलो, असे आधी सांगितले आणि मग वही काढली. देशातले शिक्षण आधी पाहिले. राष्ट्रीय संग्रहालयाशी जोडलेली दिल्लीची जी संस्था १९८९ पासून जतनशास्त्रात एम.ए. देत होती ती आता नोएडात भारतीय वारसा संस्था या नावाने आहे. पुण्यात डेक्कन कॉलेज आहे, बडोद्याचा संग्रहालयशास्त्र विभाग आहे. परदेशासाठी राज्याच्या समाजकल्याण खात्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, वर्षाला ७५ जागा. शिवाय चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट. या वॉलेस साहेबाने इंग्रजी अमलात कोलकात्यात व्यापार करून पैसा मिळवला, आणि १९८१ पासून त्यातून भारतीयांना ब्रिटनमध्ये कला आणि वारसा-जतनाच्या शिक्षणासाठी मदत मिळते. येथून गेलेलाच पैसा तो, संकोच करण्याचे कारण नाही. त्याच्या धाकट्या बहिणीचेही नाव वहीत घातले. दहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी दिल्लीच्या सीसीआरटीची कलाशिष्यवृत्ती १९८२ पासून आहे, पारंपरिक कलावंतांच्या घरांसाठी तीत वेगळ्या जागा आहेत. हिवरगाव पावसाच्या पवळेच्या तालुक्यात ढोलकीच्या फडावर वाढलेल्या किती पोरांना हे ठाऊक आहे?

राष्ट्रीय योजनेचा अर्जही आम्ही पाहिला. वय ३५ च्या आत, गुण ६० टक्के, घरचे उत्पन्न आठ लाखांच्या आत, हे तिन्ही त्याला लागू पडते. मग अभ्यासाच्या विषयाचा रकाना आला. पोराने आमच्याकडे पाहिले. दायमाबादचे नाव लिहिले तर अर्ज बाद होईल, म्हणून धातूंच्या क्षरणाचे रसायन एवढेच लिहावे, असे त्याच्या बापाने सुचवले. पोरगा म्हणाला, विचार करतो. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सोमवारी आम्ही त्याच्याबरोबर तहसीलला जाणार आहोत.